कॉलेजच्या डीस्पेसमधलं झाडीपट्टीचं साहित्य बाहेर नीट दिसतच नाही, मेटाडेटा कसा भरावा?

झाडीपट्टी_ग्रंथपाल:

नमस्कार मंडळी. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे डीस्पेस आहे, म्हणजे डिजिटल साहित्य साठवायचं आणि दाखवायचं सॉफ्टवेअर, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) आधी एका एजन्सीनं बसवून दिलं होतं, आता ते लोक फोन उचलत नाहीत, त्यामुळं जे काही करायचं ते मी आणि आमचे कॉम्प्युटरचे सर असं दोघं मिळूनच करून राहिलो. आत कॉलेजचे वार्षिक अंक आहेत, एमएच्या पोरांचे प्रकल्प आहेत, पण माझा जीव ज्याच्यात आहे ते म्हणजे झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांच्या हाताने लिहिलेल्या संहिता, दंडारीची (इथल्या लोकनाट्याची) गाणी, जुनी हँडबिलं आणि आमच्या पोरीपोरांनी आपापल्या गावात मोबाईलवर रेकॉर्ड केलेली गोंडी गाणी. वडसा, आरमोरीकडच्या जुन्या कलावंतांनी घरातल्या ट्रंकेतून वह्या काढून दिल्या आहेत हो, कडा वाळवीने खाल्लेल्या, मधली पानं तेलकट, पण अक्षर अजून वाचता येते. हे साहित्य जगात दुसरीकडं कुठंच नाही, म्हणून ते शोधणाऱ्याला सापडलंच पाहिजे असं मला मनापासून वाटते.

आता अडचण सांगते, ती मेटाडेटाची, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या नाव, तारीख, भाषा अशा माहितीची. आमच्या साईटवर सगळं बरोबर दिसते, पण दुसऱ्या पोर्टलनं आमच्या नोंदी उचलल्या की तिथं सगळ्याच वस्तू २०२१ च्या दिसतात कारण त्या वर्षी आम्ही अपलोड केलं, मग संहिता १९६८ ची असो की अंक मागच्या वर्षीचा. लिंक दाबली तर पान उघडत नाही. एकाच नाटककाराचं नाव चार तऱ्हेनं आलंय. भाषेच्या जागी सगळ्यांना इंग्लिश (युनायटेड स्टेट्स) लागलंय, गोंडी गाण्याला पण! काही संहितांवर तारीख शके १८९० अशी आहे, ती कशी टाकायची? प्राचार्य म्हणतात एक्सेलमध्ये आपले आपले कॉलम करा आणि टाका वेबसाईटवर, एका वर्कशॉपमध्ये सांगितलं मार्कमध्येच (ग्रंथालयांच्या कॅटलॉगच्या नमुन्यात) करा, कोणी म्हणते डब्लिन कोअर (मेटाडेटाच्या फील्डची साधी ठरलेली यादी) पुरे आहे. मी नेमकं काय धरू? आणि हे सगळं शोधगंगेवर टाकता येते का?

वऱ्हाडी_सर्व्हर:

ताई, पह्यले तर तुमचं काम लय मोठं आहे, ते सोडू नका. शोधगंगेचं एका ओळीत सांगतो, तिथं पीएचडीचे प्रबंध जातात आणि तेही विद्यापीठामार्फत, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटशी करार विद्यापीठाचा असते, तुमच्या कॉलेजचा नाही. संहिता आणि गाण्यांचं घर तुमचं डीस्पेसच.

तारीख अन् लिंक या तुमच्या दोन तक्रारींचा उगम एकाच जागी आहे. रिपॉझिटरी, म्हणजे तुमच्यासारखे डिजिटल साठे, एकमेकींशी बोलतात ते ओएआय-पीएमएच नावाच्या प्रोटोकॉलनं. १९९९ ला सांता फे इथल्या बैठकीत त्याची सुरुवात झाली आणि आज जी चालते ती २.० आवृत्ती २००२ ची आहे. त्यात फक्त सहा विनंत्या आहेत. तू कोण आहेस, तुझ्याकडं कोणते फॉरमॅट, कोणते संच, नोंदींची यादी दे, सगळ्या नोंदी दे, ही एक नोंद दे, बस. आणि त्यात नियम असा की तुम्ही आत काहीही भारी ठेवा पण बाहेर देतांना साधं डब्लिन कोअर द्यावंच लागते, तेच ते पंधरा फील्डवालं, १९९५ ला ओहायोतल्या डब्लिन गावच्या वर्कशॉपमधून निघालेलं. म्हणून डब्लिन कोअर धरू की नको हा प्रश्न तुमच्यासाठी उरतच नाही, ते तर तुम्ही आजही देऊन राहिले, फक्त चुकीचं भरलेलं देऊन राहिले.

तारखेचं असं होते. डीस्पेस आत तीन तारखा ठेवते, नोंद आली कधी, लोकांना खुली झाली कधी आणि मूळ वस्तू प्रसिद्ध झाली कधी. आत त्या वेगवेगळ्या आहेत. पण साधं डब्लिन कोअर बनवतांना त्या तिन्ही एकाच डेट नावाच्या फील्डमध्ये पडतात, म्हणजे तूर, हरभरा अन् सोयाबीन एकाच ढिगात ओतल्यासारखं, मग घेणाऱ्यानं पह्यला दाणा उचलला की त्याला २०२१ च मिळते. उपाय सोपा आहे. डीस्पेसच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये क्रॉसवॉक्स, त्यात ओएआय, त्यात मेटाडेटाफॉरमॅट्स, तिथं ओएआय-डीसी नावाची एक्सएसएल फाईल आहे. सरांना सांगा आधी कॉपी करून ठेवा, मग त्यात डेटचा जो भाग आहे तो असा करा की फक्त इश्यूड वालीच, म्हणजे मूळ प्रसिद्धीचीच, बाहेर जाईल. नंतर ओएआयचा इम्पोर्ट क्लीनसकट (जुनं पुसून) परत चालवा, नाहीतर जुन्याच नोंदी जात राहतील आणि तुम्ही म्हणाल काहीच बदललं नाही.

लिंकचं आता. ब्राउझरमध्ये तुमच्या ओएआयच्या पत्त्यापुढं आयडेंटिफायवाली विनंती लावून पहा, आणि एखादी नोंद काढून तिचा आयडेंटिफायर वाचा. मला वाटते तिथं लोकलहोस्ट किंवा हँडलमध्ये, म्हणजे नोंदीच्या कायमच्या पत्त्यात, १२३४५६७८९ दिसेल. तो आकडा डीस्पेससोबत नमुन्यादाखल येते, बसवणाऱ्यानं बदलायचा असते. जगात कितीतरी रिपॉझिटरी अजून त्याच नमुन्याच्या आकड्यावर आहेत, त्यामुळं तुमची पंचेचाळीस नंबरची नोंद आणि दुसऱ्या कोणाची पंचेचाळीस नंबरची नोंद यांचा हँडल एकच होते, आणि हँडलच्या जागतिक सर्व्हरला तुम्ही ठाऊकच नाही म्हणून लिंक मरते.

झाडीपट्टी_ग्रंथपाल:

दादा, आत्ताच सरांना घेऊन बसले होते. तुम्ही सांगितलं तेच निघालं, आयडेंटिफायरमध्ये लोकलहोस्ट आणि पुढं तोच १२३४५६७८९. खरा हँडल घ्यायला दरवर्षी फी लागते म्हणतात आणि आमच्याकडं डॉलरमध्ये पैसे भरायची सोयच नाही, ऑफिसात नुसती फाईल फिरत राहील. दुसरा मार्ग आहे का?

वऱ्हाडी_सर्व्हर:

आहे न. कॉन्फिगमध्ये हँडल कॅनॉनिकल प्रीफिक्स म्हणून एक ओळ असते, तिथं जागतिक हँडलच्या पत्त्याऐवजी तुमच्या स्वतःच्या साईटचा पत्ता द्या, म्हणजे नवीन लिंक तुमच्याच डोमेनवरून उघडतील. होस्टनेमची ओळ पण त्याच वेळी दुरुस्त करा म्हणजे लोकलहोस्ट जाईल. जुन्या नोंदींतल्या लिंका सीएसव्हीनं एकगठ्ठा बदलता येतात. पण मग डोमेन सांभाळणं आलं, ते कॉलेजच्या नावानं रजिस्टर पाहिजे, एजन्सीच्या नावानं नको, आणि साईटचा पत्ता दर दोन वर्षांनी बदलायचा नाही. फी भरायची सोय झाली की खरा प्रीफिक्स (हँडलचा सुरुवातीचा आकडा) घ्या, डीस्पेसमध्ये जुना काढून नवा लावायची कमांड आहे. आणि हे सगळं एकदाच करा, पोर्टलला कळवून नोंदी पूर्ण नव्यानं उचलायला (हार्वेस्ट करायला) सांगा, नाहीतर जुन्या नोंदी तिथं पडून राहतात आणि प्रत्येक वस्तू दोनदा दिसते.

कॅटलॉगर_बुलडाणा:

मार्कचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर काम करतो आणि मार्कशिवाय मला नोंद अर्धवट वाटते. २४५ मध्ये शीर्षक, १०० मध्ये लेखक, ६५० मध्ये विषय, ८५६ मध्ये लिंक, आणि देवनागरीसोबत रोमन पण द्यायचं असेल तर ८८० आहे. साध्या डब्लिन कोअरमध्ये लेखक, संपादक, अनुवादक यांची गल्लत होते. कोहा स्वतःच ओएआय-पीएमएच देते, त्यामुळं मार्क धरलं म्हणून जगापासून तुटाल असं नाही. माझं मत आहे की निदान छापील पुस्तकं आणि अंक तरी कोहात मार्कनंच करा.

वऱ्हाडी_सर्व्हर:

छापील पुस्तकांसाठी भाऊ तुमचं शंभर टक्के बरोबर. पण गोंडी गाण्याचं रेकॉर्डिंग अन् हँडबिल मार्कमध्ये बसवत बसलं तर या दोघांचं सगळं वर्ष त्यातच जाईल. मी एवढंच म्हणतो की मार्कवरून डब्लिन कोअरकडं जाता येते, पण एकदा सपाट केलेल्या नोंदीवरून परत मार्क बनत नाही. म्हणून डीस्पेसमध्ये आत जेवढं बारीक भरता येईल तेवढं भरा, लेखकाच्या फील्डमध्ये लेखक, बाकीचे कॉन्ट्रिब्युटरमध्ये त्यांच्या भूमिकेसह. बाहेर जातांना सपाट होऊ द्या, मूळ आपल्याजवळ शाबूत राहते. प्राचार्यांच्या एक्सेलचं तेवढं नाही जमणार, कारण त्यातला नाटककाराचं गाव असा कॉलम दुसऱ्या कोणत्याच मशीनला समजत नाही. एक्सेल कच्च्या कामाला वापरा, हरकत नाही.

शेतकी_लायब्ररी_अकोला:

नावं आणि मराठी अक्षरं यावर मी लिहिते कारण आमच्याकडं याच्यातच सगळा वेळ जातो. ताई, नावाचा एक नियम ठरवा आणि कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा. आडनाव, मग स्वल्पविराम, मग नाव आणि वडिलांचं नाव. आपल्याकडं दाखल्यावर आडनाव आधी पण स्वल्पविराम नसते, पुस्तकाच्या कव्हरवर नाव आधी, आणि नाटकाच्या हँडबिलावर तर नुसतं अमुकभाऊ असते. मशीनला स्वल्पविरामावरूनच आडनाव कळते. रोमन लिपीतलं नाव वेगळ्या फील्डमध्ये द्या, त्याच फील्डमध्ये कंसात घुसवू नका. आजच्या प्राध्यापकांसाठी ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा आकडी नंबर घ्या, २०१२ पासून फुकट मिळते. जुन्या नाटककारांसाठी मात्र स्वतःची यादीच करावी लागेल, एका माणसाचं एकच ठरलेलं नाव आणि बाकीची रूपं त्याच्यासमोर.

आता फॉन्ट. जुनं टायपिंग श्री-लिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ते कॉपी करून पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा काला होते, ते आधी युनिकोडमध्ये फिरवूनच टाकायचं. पण युनिकोडमध्ये असूनही फसगत होते हे फार कमी लोकांना माहीत आहे. ॲ हे अक्षर दोन तऱ्हेनं टाईप होते, एक सरळ एकच अक्षर म्हणून, जे युनिकोडमध्ये २००८ ला आलं, आणि दुसरं अ वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसते पण मशीनसाठी वेगळं, आणि नॉर्मलायझेशन केलं तरी दोन्ही एक होत नाही. वऱ्हाड मधल्या र चं पण तसंच, काही कीबोर्ड नुक्त्याच्या र नं करतात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडणारं चिन्ह टाकून. तुमच्याकडं विषयात वऱ्हाडी रंगभूमी असं असेल आणि टाईप करणारे दोघं असतील तर विषयाची यादी उघडून पहा, एकच विषय दोनदा दिसेल आणि दोन्हीखाली अर्ध्या अर्ध्या नोंदी. कोणती पद्धत ते ठरवा आणि सगळ्या कॉम्प्युटरवर एकच कीबोर्ड लावा.

दुरुस्तीसाठी डीस्पेसमधून पूर्ण कलेक्शनचा मेटाडेटा सीएसव्हीमध्ये काढता येते. फक्त ती फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, देवनागरीचे तुकडे होतात आणि तारखा आपोआप बदलतात. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये उघडा, उघडतांना यूटीएफ-८ निवडा आणि तारखेचे कॉलम टेक्स्ट ठेवा. एका फील्डमध्ये दोन नावं किंवा दोन विषय असतील तर मधात दोन उभ्या रेघा असतात त्या तशाच राहू द्या. नोंदी जास्त असतील तर ओपनरिफाइन हे डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर वापरा, त्यात टेक्स्ट फॅसेट लावलं की नावांची सगळी रूपं एकाखाली एक दिसतात, मग एका जागी सुधारलं की सगळीकडं सुधारते.

शके १८९० चं म्हणाल तर ७८ मिळवा, १९६८ येते. चैत्रापासून वर्ष धरतात म्हणून पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतचा महिना लिहिलेला असेल तर ७९. महिना नसेल तर इश्यूडमध्ये नुसतं १९६८ टाका, खोटी १ जानेवारी टाकू नका. आणि वहीवर जसं लिहिलंय तसंच्या तसं, शके १८९०, ते वर्णनात ठेवा, ते पुसायचं नाही. अंदाजी सालासाठी वेगळी चिन्हं आहेत पण बऱ्याच मशीन ती वाचत नाहीत, तुम्ही अंदाज शब्दातच लिहा.

रा_वि_तलाठी:

एवढं सगळं कशाला? भाषेत सगळ्यांना मराठी टाकून द्या, शोधणारा गूगलवरूनच येते.

गोंडवाना_नोंदी:

नाही भाऊ, असं नका करू. गोंडी ही मराठीची बोली नाही, द्रविड कुळातली वेगळी भाषा आहे. तिची गाणी मराठी म्हणून गेली तर ज्या पोरांना उद्या आपल्या आजीची भाषा ऐकायची आहे त्यांना ती कधीच सापडणार नाहीत, आणि आकडे मोजणारा म्हणेल गोंडीत काहीच नाही. मराठीला दोन अक्षरी कोड आहे एमआर, गोंडीला दोन अक्षरी नाहीच, तीन अक्षरी आहे जीओएन. अहेरीकडची गोंडी असेल तर ईएसजी असा वेगळा कोड आहे, भामरागड एटापल्लीकडची माडिया असेल तर एमआरआर. कोरकू केएफक्यू, वऱ्हाडी-नागपुरीला व्हीएएच. डीस्पेसच्या यादीत हे नसतात, इनपुट फॉर्मच्या फाईलमध्ये जोडावे लागतात, सरांना दहा मिनिटांचं काम आहे. तिथंच बसवणाऱ्यानं पह्यली निवड इंग्लिश करून ठेवली असेल म्हणून तुमच्या सगळ्या नोंदी इंग्लिश झाल्या, ती पह्यली निवड रिकामी ठेवा आणि फील्ड सक्तीचं करा म्हणजे भरणाऱ्याला निवडावंच लागेल. झाडीबोलीच्या संहितांना भाषा मराठी द्या आणि विषयात झाडीबोली लिहा. कोणती गोंडी हे माहीत नसेल तर नुसतं जीओएन द्या आणि गावाचं नाव कव्हरेजमध्ये (जागेच्या फील्डमध्ये) टाका, जाणकार माणूस गावावरून ओळखते.

भाषेच्या रेकॉर्डिंगसाठी ओलॅक नावाचं जाळं आहे, २००० पासून, ते डब्लिन कोअरवरच उभं आहे आणि ओएआय-पीएमएचनंच नोंदी घेते. भाषेचा कोड बरोबर असला की तुमची गाणी तिथल्या यादीत यायला वाट मोकळी होते.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. ती गाणी गाणाऱ्या बायांना विचारलं का, की हे जगभर ऐकू जाईल? लग्नातली गाणी चालतील, पण काही गाणी पेनची असतात, देवाची, ती ठराविक वेळी ठराविक लोकांसमोरच म्हणतात. ओपन ॲक्सेस म्हणजे सगळंच उघडं टाकणं नाही. २०१९ मध्ये आदिवासी समाजांच्या डेटासाठी केअर नावाची तत्त्वं मांडली गेली, त्यात समाजाचा ताबा हा मोठा मुद्दा आहे. डीस्पेसमध्ये नोंद सगळ्यांना दिसेल पण ऑडिओ फाईल ठराविक ग्रुपलाच उघडेल अशी सोय आहे. नोंद असू द्या म्हणजे गाणं आहे हे कळते, ऐकायचं असेल त्यानं गावाला विचारावं. ज्यांनी गायलं त्यांचं नाव कॉन्ट्रिब्युटरमध्ये पाहिजेच, रेकॉर्ड करणाऱ्या पोरीचं नाव लेखक म्हणून टाकू नका.

झाडीपट्टी_ग्रंथपाल:

सगळ्यांचे खूप आभार. गोंडवाना दादा, रेकॉर्ड करतांना पोरींनी विचारलं होतं पण इंटरनेटवर जाईल असं स्पष्ट सांगितलं होतं का ते मला त्यांनाच विचारावं लागेल, तोवर सगळ्या ऑडिओ फाईली बंद करून ठेवते, नुसत्या नोंदी दिसतील. पेनची गाणी कोणती हे ठरवायला गावच्या भुमकाला (पुजाऱ्याला) आणि त्या बायांनाच बसवते.

दोन गोष्टी राहिल्या. संहिता ज्यांनी दिल्या ते घरचे लोक, लिहिणारे वारले. राइट्सच्या फील्डमध्ये काय लिहू? आणि प्रकार या फील्डमध्ये आम्ही नाट्यसंहिता असं मराठीत टाकलंय, ते चालेल का?

कॅटलॉगर_बुलडाणा:

वही ज्याच्याजवळ आहे तो वहीचा मालक, लेखनाचा हक्क वारसांचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, ती वर्षं लेखक वारला त्याच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. पण नाटक लेखकाच्या हयातीत छापलंही गेलं नसेल आणि त्याचा जाहीर प्रयोगही झाला नसेल तर ६० वर्षं ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात, जाहीर प्रयोग झाला तरी ते प्रसिद्ध झालं असंच धरतात, म्हणून मृत्यूच्या तारखेसोबत छापलं होतं का आणि प्रयोग झाला होता का हे पण विचारा. वारसांकडून साध्या मराठीत एक पानाचं संमतीपत्र घ्या, त्यात वाचायला देऊ, डाऊनलोडला देऊ, प्रयोग करायला देऊ, असे तिन्ही वेगळे विचारा, कारण झाडीपट्टीत हिवाळ्यात प्रयोगावर लोकांची कमाई असते आणि संहिता फुकट उचलून कोणी प्रयोग लावला तर घरच्यांना वाईट वाटेल. राइट्समध्ये वाक्य लिहा आणि सोबत राइट्सस्टेटमेंट्स या साईटवरच्या हक्कांच्या ठरलेल्या विधानांपैकी लागू असेल त्याची लिंक द्या, लिंक मशीन वाचते आणि वाक्य माणूस.

शेतकी_लायब्ररी_अकोला:

प्रकाराचं फील्ड दोनदा भरा. एकदा डब्लिन कोअरच्या ठरलेल्या यादीतलं, संहितेला आणि हँडबिलाला टेक्स्ट (स्कॅन असलं तरी), गाण्याला साउंड, आणि दुसऱ्यांदा तुमचं नाट्यसंहिता. घेणारं पोर्टल ठरलेला शब्द धरते आणि तुमच्या साईटवर आपला शब्द दिसते. नॅशनल डिजिटल लायब्ररीवाल्यांना, म्हणजे खरगपूर आयआयटीच्या, नोंदी द्यायच्या असतील तर त्यांची स्वतःची जास्त फील्डची स्कीमा आहे, पण पाया डब्लिन कोअरचाच, त्यामुळं आत्ताची मेहनत वाया जात नाही.

आणि गूगल स्कॉलर ओएआयवरून नोंदी घेत नाही, ते पानातले सायटेशनचे टॅग आणि पीडीएफमधला मजकूर वाचते. हे एमएच्या प्रकल्पांसाठी उपयोगी पडेल. छापील अंक स्कॅन केले असतील तर टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, मराठी येते, त्यातून मजकुराचा थर लावा. हस्तलिखितावर मात्र ते चालत नाही, तिथं निदान पह्यल्या पानाचा मजकूर आणि पात्रांची नावं हातानं टाईप करून वर्णनात टाका.

झाडीपट्टी_ग्रंथपाल:

पात्रांची नावं टाकायचं सुचलंच नव्हतं, ते उद्यापासून पोरांना देते. सर आधी जुन्या कॉम्प्युटरवर डीस्पेसची प्रत बसवून त्याच्यावर तारखेची फाईल बदलून पाहणार आहेत, मग खऱ्यावर. अहेरी सिरोंचा बाजूचं कोणी इथं असेल तर गाण्यांच्या शीर्षकांची गोंडी एकदा तपासून द्याल का, मी यादी व्यक्तिगत निरोपात पाठवते.

गोंडवाना_नोंदी:

पाठवा ताई. गावांची नावं पण सोबत द्या, आमच्याकडं एटापल्लीची एक शिक्षिका आहे, तिला माडिया आणि गोंडी दोन्ही येते, तिच्याकडून पाहून घेतो.